सासूबाईंच्या बोटातला मासा

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या आई, तो जंतू कान धरून तुमच्यापुढे उभा करतो!" भर जेवणात जंतुरावांनी जाहीर केलं.

"जंतूला कान असतात?" बायकोने विचारलं.

जंतुराव इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. हे नाव सासरच्यांनी दिलेलं, आणि ते गोंदासारखं चिकटलं होतं. पण आजची गर्जना फुशारकीची नव्हती. सासूबाईंच्या उजव्या तर्जनीवर तीन महिन्यांपूर्वी गाठ आली. ती फुटली, शेजारी दुसरी उगवली. तीन तऱ्हेची औषधं झाली, गाठ ढिम्म! शेवटी सर्जन म्हणाले, "असंच पसरलं तर बोटाचं टोक काढावं लागेल."

सासूबाईंनी चाळीस वर्षं त्या बोटाने सुई धरली होती. त्या रडल्या नाहीत. घरी आल्या आणि शिलाई मशीनवर चादर घातली. ते पाहूनच जंतुरावांनी जेवताना ती गर्जना केली होती.

सर्जननी गाठीचा तुकडा काढून दिला. जंतुरावांनी त्यातला अर्धा काचेच्या थाळीत पेरून पेटीत छान उबेत ठेवला. आठ दिवस झाले, थाळी टकलासारखी गुळगुळीत! आता राहिला एकच उपाय. उरलेल्या तुकड्यातून जंतूची जनुकं वेगळी करायची, त्यांतली अक्षरं यंत्राकडून वाचून घ्यायची आणि जगभरच्या जंतूंच्या नोंदींशी ताडून पाहायची. बोटांच्या ठशांवरून चोर शोधतात ना, तसंच.

नोंद जुळली. जंतुरावांनी वाचली आणि खुर्चीवरून उठून परत वाचली. हा जंतू माशांना आजारी पाडणारा होता!

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," ते पुटपुटले. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा मासेच! घाबरून त्यांनी घरी फोन लावला, "अगं, आईंच्या बोटात मासा निघालाय!"

"काय? माझ्या आईला मासा म्हणताय?" पलीकडून फोन आपटला गेला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मात्र कागद शांतपणे पाहिला. "यंत्र बरोबर आहे. हा थंड पाण्यातला जीव. तुम्ही त्याला उबेत कोंबलंत, उगवेल कसा? घरी जा आणि विचारा, हात कुठल्या पाण्यात जातो."

घरी पोचताच जंतुरावांनी पोलिसी खाक्यात सुरुवात केली. "आई, खरं सांगा. तुम्ही पोहायला जाता?"

"या वयात? मी बादलीपलीकडे पाणी पाहिलं नाही!"

"मग मासे? चोरून विकत आणून साफ करता?"

"अहो!" बायको कडाडली. "सकाळी मासा म्हणालात, आता चोर म्हणा!"

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. "मासे नाही हो साफ करत. टाकी करते. दर रविवारी, हात घालून."

"कुणाची टाकी?"

"अहो, तुमचीच!"

जंतुराव सावकाश मागे वळले. दिवाणखान्यात सहा महिन्यांपूर्वी त्यांनीच हौसेने आणलेली काचेची टाकी लखलखत होती. आत पाच लाल मासे त्यांच्याकडे बघत होते. 'दर रविवारी मी स्वतः धुणार!' असं सांगून त्यांनी ती मोजून दोनदा धुतली होती. पुढे ती आपोआप स्वच्छ राहते हे पाहून ते इस्पितळभर सांगत सुटले होते, काय ती गाळणी, काय ते तंत्रज्ञान!

"आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही दमून येता. म्हटलं, रविवारी झोपू दे बिचाऱ्याला. बोट मशीनच्या सुईने जरा टोचलं होतं, पण पाण्याने काय होतंय?"

नाव कळलं, तसं नेमकं औषध मिळालं. चार महिने गोळ्या चालल्या. गाठ हळूहळू विरली, बोट पुरतं वाचलं. मशीनवरची चादर निघाली त्या दिवशी जंतुरावांनी गुपचूप मॅडमना मिठाईचा डबा दिला. डोळे पुसले तेही गुपचूपच.

सासूबाई मात्र गुपचूप बसणाऱ्या नव्हत्या. गिऱ्हाईक दाराशी आलं की माप घेण्याआधी सांगायच्या, "आमचे जावई नसते ना, तर हे बोट गेलंच असतं!"

एकदा जंतुरावांना राहवलं नाही. "आई, मी नसतो तर बोटाला काही झालंच नसतं हो."

"बघा!" सासूबाई गिऱ्हाइकाला कौतुकाने म्हणाल्या, "एवढा हुशार, पण गर्व म्हणून नाही!"