गुप्ते विरुद्ध वॉल्टर

माझ्या थोरल्या नातीच्या लग्नाला गुप्ते आले, जेवले, आहेर दिला आणि निघताना लग्नपत्रिका माझ्या हातात परत ठेवली. तांबड्या बॉलपेनने तपासून. इंग्रजी मजकुरात सात चुका. खाली शेरा : ‘मुलगी गोड. मजकूर निष्काळजी.’

हे आमचे शेजारी मनोहर गुप्ते. परळच्या चाळीत आमची खोलीला खोली लागून होती. चाळ पाडून टॉवर झाला, तर तिथेही दारासमोर दार! फोर्टातल्या एका बोटकंपनीत साहेबाच्या सहीला जाणारी पत्रं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी संपली, तपासणं संपलं नाही. हॉटेलचं मेनूकार्ड, केमिस्टची पाटी, लिफ्टमधली सूचना, काही म्हणून सुटत नाही.

मी तरी कुठे सुटले? नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, अख्ख्या चाळीत इंग्रजी येतं ते एकटीला मला. बी.ए. होते ना! नळावर जातानासुद्धा काखेत इंग्रजी कादंबरी. हंडा भरून वाहतोय आणि बाईसाहेब पान उलटतायत! पहिल्या हळदीकुंकवाचं आमंत्रण चक्क इंग्रजीत लिहून चाळभर वाटलं. निम्म्या बायकांना वाटलं, खोली खाली करायची नोटीस आली. वाचलं एका गुप्त्यांनी, आणि सुमतीवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हाती परत धाडलं. अकरा चुका. दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. काय तो तोरा! आज ती पोरगी समोर आली ना, तर तोच हंडा तिच्या डोक्यात घालीन.

सुमतीवहिनी गेल्या, त्यानंतर माझ्या धाकट्या नातीने गुप्त्यांना फेसबुकचं खातं उघडून दिलं. तिथे म्हणे शुद्ध इंग्रजीवाल्यांचा एक ग्रुप आहे. जगभरची माणसं दुकानांच्या पाट्यांचे फोटो टाकतात आणि ॲपॉस्ट्रॉफीवरून, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी लटकणाऱ्या त्या एवढ्याशा खुणेवरून, एकमेकांच्या उरावर बसतात. गुप्त्यांना माहेर मिळालं! आणि मिळाला वॉल्टर. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावचा निवृत्त मास्तर. वाद काय, तर ‘थॉमसचं घर’ लिहिताना थॉमसपुढे ती खूण दिली की आणखी एक एस लावायचा का नाही. वॉल्टर म्हणे, लावायचा; गुप्ते म्हणत, नाही लावायचा. तीन वर्षं चाललं होतं.

“भाऊजी, तो थॉमस अजून राहतो का हो त्या घरात?” मी विचारायची.

“वहिनी, चेष्टा नको. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

दुपारच्या चहाच्या सुमाराला वॉल्टरचं उत्तर यायचं. “आला गाढव!” म्हणत गुप्ते आमच्या दारात. तो मजकूर वाचताना त्यांचा चेहरा असा काही फुलायचा! पूर्वी सुमतीवहिनींच्या वालाच्या बिरड्याचा पहिला घास घेताना फुलायचा, तस्सा.

गेल्या महिन्यात वॉल्टर गप्प झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. लिफ्टमध्ये नवी सूचना लागली, चुकांनी नुसती बरबटलेली. गुप्ते तिच्यासमोर उभे राहून अकरा मजले वर आले, पण खिशातलं पेन निघालं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

“फोन करून बघा ना त्याला.”

“नंबर नाही. घरी कोण आहे, बायको आहे का, मुलंबाळं आहेत का, काही ठाऊक नाही हो. तो चुकतो कुठे, तेवढंच मला माहीत.”

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. गुप्ते घामाघूम. “वहिनी, माझ्या हातून एक वाईट काम झालंय.”

फोन पुढे केला. ग्रुपवर स्वतःच्या नावाने त्यांनी चार ओळी टाकल्या होत्या आणि त्यात सहा चुका मुद्दाम पेरल्या होत्या.

“वॉल्टर असेल,” गुप्ते म्हणाले, “तर हे बघून गप्प बसणार नाही.”

वॉल्टर आला नाही. बाकी झाडून सगळे आले. गुप्त्यांनी तीन वर्षांत ज्याला ज्याला सोलला होता, तो प्रत्येक जण. एकाने लिहिलं, आधी शाळेत जा. दुसऱ्याने लिहिलं, तुमच्या देशात असंच शिकवतात वाटतं. गुप्ते एकालाही उत्तर देईनात.

“पुसून टाका हो ते,” मी म्हटलं. मलाच बघवेना.

“राहू दे. त्याने अजून बघितलं नसेल.”

चौथ्या दिवशी मी बटाटे सोलत होते, तर गुप्ते बनियनवरच धावत आले. “आला! आला गाढव!”

वॉल्टरने सहाही चुकांना क्रमांक घालून एकेकीची सालं काढली होती. मग लिहिलं होतं, यावरून सिद्ध होतं की थॉमसच्या बाबतीतही तुमचंच चुकतंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता : दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं परवाच, फोन बघायला बंदी आहे. शेजारीण चहा टाकायला आत गेलीय, तेवढ्यात चोरून लिहितोय.

“बघितलंत? ऑपरेशन शेवटी! आधी माझ्या चुका!” गुप्ते हसत होते आणि बनियनच्या टोकाने चष्मा पुसत होते.

मग माझ्याच टेबलाशी बसून ते भराभरा उत्तर लिहू लागले. थॉमसवरचा त्यांचा हुकमी पुरावा होता म्हणे. अर्धं पान झालं आणि बोट थांबलं.

“वहिनी, तुमच्या डोळ्यांचं झालं तेव्हा किती दिवस जपायला सांगितलं होतं?”

“महिनाभर. का हो?”

“मी हे पाठवलं, तर तो लगेच उत्तर देणार.”

मग त्यांनी अर्धं पान पुसलं आणि एकच ओळ लिहून मला दाखवली. माझ्या बी.ए.च्या इंग्रजीला झेपली :

‘थॉमसबद्दल तुमचं बरोबर आहे. आता डोळे मिटून पडून राहा.’

पाठवली. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि माझ्यापुढची बटाट्यांची परात स्वतःकडे ओढली.

“द्या ते सालकाढणं इकडे,” म्हणाले. “महिनाभर मला काही काम नाही.”