प्यो दाऑनची जाहीर माफी

कीर्ती मिळवायची तर माणसाला काहीतरी करून दाखवावं लागतं, हा समज इंटरनेटच्या आधीचा आहे. त्या काळी औषधं कडू असत, वर्तमानपत्रं दुसऱ्या दिवशी येत आणि लोकांना वेळ होता. आता परिस्थिती सुधारली आहे. आता काही करण्याआधीच माणूस प्रसिद्ध होऊ शकतो, आणि एकदा झाला की मग काही करायला त्याला सवडच उरत नाही. गायकांची तर फारच सोय झाली, कारण पूर्वी त्यांना गावं लागे.

प्यो दाऑनला ही सुधारणा समजायला सहा वर्षं लागली. दूरच्या सुनचनहून राजधानी सोलला आली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि गाणं चांगलं असलं की लोक ऐकतात, असं तिचं मत होतं. ‘सात ढग’ या संगीत कंपनीने तिला करारबद्ध केलं ते या भाबडेपणाची कीव येऊनच. कंपनी सोलच्या मांगवॉन भागात, तळलेल्या चिकनच्या दुकानाखालच्या तळघरात होती. त्यामुळे कंपनीतल्या यच्चयावत कलाकारांच्या केसांना लसूण-सोयाचा वास येई. ‘या वासाने चाहते आपोआप जवळ येतात,’ असं कंपनीचे अध्यक्ष मेंग ग्यूहो सांगत. (कलाकार दोन होते. त्यातला एक वरच्या दुकानात कायमचा नोकरीला लागला. तो सुखी आहे.)

दाऑनने एक गाणं लिहिलं होतं. चालही तिचीच. शब्द चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलेले. ते इंटरनेटवर टाकलं तेव्हा ते कोणीच ऐकलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिच्या आईने ऐकलं. सुनचनच्या बाजारात आईचं डुकराच्या हाडांच्या रश्शाचं छोटंसं दुकान होतं. तिथे फोन भिंतीला टेकवून ती ते दिवसभर लावून ठेवी, म्हणजे गिऱ्हाइकांनीही ऐकलं. पण रस्सा पिताना माणूस बराच आवाज करतो.

कंपनी हातावर हात ठेवून बसली नव्हती. प्रसिद्धीचे सगळे मान्यताप्राप्त मार्ग तिने चोखाळले. दाऑनने भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांवर नाच केला. मागे उभा असलेला सुरक्षारक्षक लोकांना इतका आवडला की त्याला बुटांची जाहिरात मिळाली. मग तिने मांजर मांडीवर घेऊन गायलं. मांजराला दुसऱ्या कंपनीने पळवलं. मग थेट प्रक्षेपणात तिने झणझणीत शेवया खाल्ल्या आणि डोळ्यांतून पाणी काढत सांगितलं, ‘माझं गाणंसुद्धा ऐका हं.’ खाली एकच प्रतिक्रिया आली : शेवया कुठल्या?

करार संपायला आला तेव्हा एका सकाळी अध्यक्षांनी बैठक बोलावली. बैठकीला दाऑन होती आणि ऑकताई होत्या. ऑक मिनसन या बाई कंपनीच्या हिशेबनीस, वेशभूषाकार, वाहनचालक आणि कायदेशीर सल्लागार होत्या.

“मी अभ्यास केलाय,” मेंगसाहेब म्हणाले. “देशात सगळ्यात जास्त काय बघितलं जातं? गाणं नाही. नाच नाही. माफी! काळे कपडे घालून कलाकार खाली वाकला की अख्खा देश हातातला भात बाजूला ठेवतो. दाऑन, बाळ, मनात काही ठेवू नकोस. तू काय केलंयस?”

“कधी, साहेब?”

“कधीही. शाळेत कोणाला छळलंस?”

“नाही.”

“दारू पिऊन गाडी ठोकलीस?”

“मला गाडी येत नाही.”

“कोणाशी लपूनछपून प्रेम?”

“साहेब, माझा दिवस तळघरात जातो.”

ऑकताईंनी वही मिटली. “सहा वर्षं पोसली, आणि साधा एक गुन्हा नाही अंगावर. कार्टी अगदीच निरुपयोगी आहे, साहेब.”

दाऑन खजील झाली. आठवून आठवून तिने सांगितलं की वरच्या दुकानातून ती कधीकधी मुळ्याच्या लोणच्याची जास्तीची वाटी मागून आणते. अध्यक्षांनी मान हलवली. एवढ्याने भागणार नव्हतं. मग ते येरझाऱ्या घालता घालता एकदम थांबले, आणि जगातले मोठे शोध असेच लागतात.

“अगं, पण माफीत कारण कुठे असतं? कुठलीही माफी काढून बघ. ‘झाल्या प्रकाराबद्दल मी मनापासून क्षमा मागते. माझ्यामुळे ज्यांना वेदना झाल्या त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. यापुढे आत्मचिंतन करीन.’ संपलं! गुन्ह्याचं नाव कोणी घेतच नाही. मग गुन्हा हवाच कशाला?”

“पण हे खोटं नाही का?” दाऑनने विचारलं.

“यातलं एक वाक्य खोटं दाखव.”

तिला दाखवता येईना. तरी ती तयार नव्हतीच. “चित्रफितीखाली तुझ्या गाण्याचा पत्ता देऊ,” असं साहेब म्हणाले, तेव्हा ती तयार झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्रीकरण झालं. काळा सूट ऑकताईंचा, अंत्यविधीला जाण्याचा. दाऑनच्या चेहऱ्यावर रंगरंगोटी अजिबात नाही असं दिसावं म्हणून दोन तास रंगरंगोटी केली. मग ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, ती तीन वाक्यं बोलली आणि कमरेत वाकली. वाकल्यावर मात्र भलतंच झालं. दर सणाला ‘पुढच्या वेळी नक्की येते’ म्हणून आपण सुनचनचा फोन ठेवतो, हे तिला आठवलं. फोन भिंतीला टेकवून रस्सा वाढणारी आई आठवली. तिला खरंच रडू फुटलं, आणि ती बराच वेळ वर उठलीच नाही.

“अप्रतिम,” अध्यक्ष कुजबुजले. “नक्की काय केलंय हिने?”

संध्याकाळपर्यंत अर्ध्या देशाने ती चित्रफीत बघितली होती. उरलेल्या अर्ध्याने तिच्यावर मत दिलं होतं. देशात ताबडतोब दोन तट पडले : माफ करणारे आणि माफ न करणारे. त्यांच्यात घनघोर लढाई जुंपली. गुन्हा कोणता, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी असभ्य मानला. (‘जे सगळ्यांना माहीत आहे ते पुन्हा उगाळू नये,’ असं एका गृहस्थाने बजावलं. त्याला माहीत नव्हतं.) देहबोलीच्या एका तज्ज्ञाने पडद्यावर कोनमापक लावून दाखवलं की कंबर सत्तर अंशांत वाकली, म्हणजे गुन्हा मध्यम स्वरूपाचा, पण वारंवार केलेला. तीन पीडित पुढे आले. त्यातली एक शाळेत खरोखर तिच्या बाकावर बसत होती, आणि दाऑनने आपलं खोडरबर नेलं होतं असं तिला अंधूक आठवत होतं. दुसरी दुसऱ्या शाळेतली होती. तिसरा दुसऱ्या शहरातला होता, पण त्याच्या वेदना सगळ्यांत जास्त होत्या.

दाऑन घराबाहेर पडली की लोक ओळखू लागले. बसथांब्यावर एका आजीबाईंनी तिचा हात धरला.

“पोरी, झालं ते झालं. पुन्हा करू नकोस हं.”

“नाही करणार, आजी.”

“माझ्या सुनेनेही अगदी हेच केलं होतं,” आजीबाई म्हणाल्या आणि पाचव्या क्रमांकाच्या बसमध्ये चढून गेल्या. दाऑन बसमागे चार पावलं धावली. सुनेने काय केलं होतं, हे तिला फार जाणून घ्यायचं होतं.

मग आईचा फोन आला.

“काय दिवे लावलेस गं?”

“काही नाही, आई. शपथ.”

“काही नाही कसं? भाजीवाली विचारते, मासळीवाली विचारते. पुढच्या आळीतले लोक मुद्दाम माझ्याकडे रस्सा प्यायला येतात न् विचारतात.”

“मग तू काय सांगतेस?”

“पहिल्या दिवशी खरं सांगितलं, माझी लेक असली नाही म्हणून. अर्धा रस्सा टाकून उठून गेले मेले. आता नुसता सुस्कारा सोडते आणि म्हणते, ‘आईच्या तोंडाने कसं सांगू?’ बसतात बिचारे. दुसरी वाटीही घेतात.” पलीकडे कोणीतरी जोरात भुरका मारला. “दाऑन, पण गाणं नाही गं कोणी लावायला सांगत.”

ते खरं होतं. चित्रफितीखाली गाण्याचा पत्ता होता. लोक तिथवर जात, गाण्याखाली माफीविषयीचं आपलं मत लिहीत आणि गाणं सुरू होण्याआधी परत येत.

आत्मचिंतनाचा काळ रीतसर पार पडला. त्यात दाऑनने डोंगरउतारावरच्या वस्तीत म्हाताऱ्या माणसांना जळणासाठी कोळशाच्या विटा वाहून दिल्या, आणि गालावर काजळी कुठे लावायची ते ऑकताईंनी ठरवलं. मग एका मोठ्या वाहिनीने तिला थेट कार्यक्रमात बोलावलं. कार्यक्रमाची आखणी अशी होती : प्रवेश, मौन, अश्रू, जाहिरात, पुन्हा अश्रू आणि वेळ उरल्यास गाणं.

वेळ उरणार नाही हे दाऑनला गिटार जुळवतानाच कळलं, कारण ती गिटार एका माणसाने येऊन आत नेऊन ठेवली.

दिवे लागले. सूत्रसंचालिकेने तिच्या हातावर हात ठेवला. “आज मन मोकळं कर, दाऑन. देश ऐकतोय. नेमकं काय झालं होतं?”

देश ऐकतोय, हे वाक्य ऐकायला ती सहा वर्षं थांबली होती. ते समोर आल्यावर तिच्याने खोटं बोलवेना.

“काहीच झालं नव्हतं,” ती म्हणाली. “मी काहीच केलेलं नाही. मी एक गाणं केलंय, तेवढंच.”

सूत्रसंचालिकेने घाईघाईने जाहिरात घेतली.

आजवर देश नुसता नाराज होता. आता तो खवळला. लोकांनी मनापासून माफी दिली होती, काहींनी तर बायकापोरांसमोर डोळे पुसत दिली होती. ती माफी आता ठेवायची कुठे? ‘आमची माफी परत करा’ ही मागणी दोन दिवस सगळ्यांत वर होती. माफ न करणारे म्हणाले, आम्हाला पहिल्यापासून संशय होताच. नीतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी वाद मिटवला : न केलेल्या गुन्ह्याची माफी मागणं हा गुन्हाच आहे, म्हणजे तिने गुन्हा केला आहे, म्हणजे पहिली माफी योग्यच होती, फक्त ती थोडी लवकर मागितली गेली. तिन्ही पीडितांनी निवेदन काढलं की आपल्या वेदना मात्र खऱ्या होत्या.

मेंगसाहेब आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. “अगं पोरी, मिळाला! अस्सल गुन्हा मिळाला! ऑकताई, सूट इस्त्री करा.”

“मी माफी मागणार नाही,” दाऑन म्हणाली.

“मग करणार काय?”

“गाणार.”

अध्यक्षांनी ऑकताईंकडे बघितलं. ऑकताई सूट इस्त्री करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “गाऊ द्या की, साहेब,” त्या म्हणाल्या. “गायिका आहे म्हणे ती.”

दुपारी तळघरातून थेट प्रक्षेपण सुरू झालं. शीर्षक अध्यक्षांनी दिलं होतं : ‘दाऑन अखेर बोलणार.’ कधी कोणाला लाभली नसतील इतकी माणसं पडद्यांसमोर बसली. दाऑन खुर्चीवर बसली, आणि एक अक्षर न बोलता तिने गायला सुरुवात केली. प्रतिक्रिया धो धो वाहत होत्या : ‘माफी कधी?’ ‘ही प्रस्तावना आहे का?’ ‘आवाज बंद करून बघा, चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसतो.’ वर चिकन चरचरत होतं. दाऑनने डोळे मिटले होते, त्यामुळे तिला यातलं काही दिसलं नाही. शेवटच्या कडव्यात आवाज किंचित चिरकला, तोही तिने सांभाळून घेतला. ऑकताईंनी इस्त्री बंद केली होती.

गाणं संपलं. ती उठली, आणि गाणं संपल्यावर गायक जसा करतो तसा तिने वाकून नमस्कार केला.

झालं! तेवढा नमस्कार लोकांनी कापून घेतला. त्याआधीचं गाणं छाटलं आणि तीन सेकंदांचं वाकणं घराघरांत पोचलं. ‘शब्दांवाचूनची माफी!’ लोक गहिवरले. देहबोलीवाल्या तज्ज्ञाने कोनमापक खाली ठेवलं आणि हे मापापलीकडचं आहे असं जाहीर केलं. माफ करणाऱ्यांनी पुन्हा माफ केलं. माफ न करणाऱ्यांनी, इतक्यांदा नाही म्हणून कंटाळून, एकदाचं माफ करून टाकलं.

आज प्यो दाऑन देशातल्या पहिल्या पाच गायिकांत मोजली जाते. सभागृहं भरतात. लोक काळे कपडे घालून येतात, दीड तास अदबीने गाणी सहन करतात आणि शेवटी ती वाकते तेव्हा हुंदके देत उभे राहतात. दाऑनची तक्रार नाही. दीड तास कोणी मध्ये बोलत नाही, आणि तिला हवं ते गाता येतं. मागच्या महिन्यात पुसान शहरातल्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेतल्या एका बाई ओठांनी शब्द म्हणताना तिला दिसल्या. ती रंगमंचावर इतकी हसली की दुसऱ्या दिवशी या हसण्याबद्दल खुलासा मागण्यात आला.

लोक असे कसे, याचं आपल्याला हसू येणं स्वाभाविक आहे. तिने काय केलं होतं, आई काय म्हणाली, पीडित किती निघाले, हे सगळं आपणही शेवटपर्यंत चवीने वाचलंत. त्या गाण्याचं नाव काय, ते कशाबद्दल आहे, हे मात्र या गोष्टीत एकदाही आलेलं नाही, आणि आपलं त्यावाचून काही अडलं नाही.