आसोंड्याची जागा घर बघायला येते

आसोंड्यात घरापुरती जागा घ्यायची असेल, तर आधी ती जागा गिऱ्हाइकाच्या घरी मुक्कामाला येते, आणि तिला माणसं पटली तरच खरेदीखत होतं. समुद्राजवळच्या त्या जुन्या गावाची ही रीतच आहे. तिथल्या तलाठ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही.

शैलजा मगदूम यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली. राहणं क्वार्टर्समध्ये, आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरात दुसऱ्या मजल्यावर. आपल्या मालकीच्या मातीत एकदा तरी उभं राहायचं, एवढीच त्यांची हौस होती. त्यामुळे जागा आसोंड्याहून निघाल्याचा फोन आला तेव्हापासून त्यांचे पाय ठरेनात. सोफा भिंतीला लावला, गालिचा गुंडाळला, पुन्हा पुन्हा गॅलरीत जाऊन वाट पाहिली.

“अगं, जागाच येणार आहे, जावई नव्हे,” धनपाल, त्यांचे यजमान, म्हणाले.

“जावई आपल्याला नाही म्हणू शकतो का? ही म्हणू शकते.”

दुपारी जागा जिना चढून आली. बरोबर तिचे मालक बाबल परब होते. जागा लहानच, दीड गुंठा. अंगावरचं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड वाकवून ती दारातून आत शिरली, हॉलमध्ये मावली तेवढी मावली, बाकीची स्वयंपाकघरात आणि गॅलरीत पसरली. घरभर ओल्या मातीचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास सुटला. शैलजाताईंनी चपला काढल्या आणि हळूच तिच्यावर पाऊल ठेवलं. अंगावर शहारा आला.

परबांनी चहा घेतला. “एका डॉक्टरांका हिना नाय म्हटलां,” जाता जाता ते म्हणाले. “त्यांच्या घरात कोण कोणाशी बोलूकच नाय. आता तुमी बोला. मी अंबाबाईचा दर्शन घेवन येतंय.”

दार लागलं. जागेनं सरळ मुद्द्याला हात घातला.

“माज्यार कोण रवतला?”

“आम्ही दोघं,” धनपाल ऐटीत म्हणाले. “दिवाळीत आणि मे महिन्यात. एरवी कुलूप.”

जागेच्या रातांब्याची पानं खाली झुकली. शैलजाताईंनी ती पाहिली. डॉक्टरांच्या घरीही असंच झालं असेल.

“कुलूप नाही,” त्या एकदम म्हणाल्या. “मी कायमची राहणार आहे तिथं.”

धनपाल वळून बघत राहिले. “कायमची? आणि मी?”

“तुम्हाला रंकाळ्यावरचा कट्टा सुटायचा नाही. तुमचं तुम्ही ठरवा.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत? हिनं विचारलं.”

मग फ्रीजच्या बाजूनं जागेचा आवाज आला. “माका पटलां.”

शैलजाताई होत्या तिथंच मातीत फतकल मारून बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. संध्याकाळी परब परतले, तर शैलजाताई जागेला साऱ्या खोल्या दाखवत होत्या आणि धनपाल गॅलरीत एकटेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसोंड्याला जायला वेंगुर्ल्याची गाडी लागली. परब पुढं बसले. तिघांच्या बाकावर जागा नीट घडी होऊन बसली, शेजारी शैलजाताई. धनपाल घरीच राहिले होते. बघतो, एवढंच म्हणाले होते. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तरी शैलजाताईंची नजर स्टँडच्या फाटकावरून हलत नव्हती.

आणि फाटकातून धनपाल धावत आले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. कंडक्टरनं दार उघडून त्यांना आत ओढलं.

“मला पोहता येत नाही,” ते जागेसमोर उभे राहून धापा टाकत म्हणाले. “आधीच सांगून ठेवतो.”

“दर्या वायच लांब आसा,” जागा म्हणाली, आणि खिडकीकडे सरकून तिनं त्यांना बसायला जागा करून दिली.