मोयोबांबावाले ढोबळेकाका

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या भर जानेवारीत, गुडघाभर बर्फात, माकडटोपीवर गवती हॅट चढवून ड्राइव्हवे साफ करणारा माणूस दिसला, तर गाडी थांबवू नका. ते आमचे शेजारी ढोबळेकाका. थांबलात की मोयोबांबा सुरू होतं.

मोयोबांबा ही पेरू देशातल्या एका प्रांताची चिमुकली राजधानी. पुण्याहून येऊन इथे कोडिंग करणाऱ्या माझ्यासारख्याला ती ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. पण काकांचा शेजार लाभला.

"ही हॅट साधी नाही," काका फावडं रोवून म्हणाले. "मोयोबांबाच्या हॅटी नदीनं पार ब्राझीलला जायच्या. मग रबराची लाट आली. विणणारे हात रबरामागे जंगलात गेले, धंदा बसला. तुझं आयटी पण बसणार आहे, पाहून ठेव." एवढं बोलून त्यांनी फावडंभर बर्फ माझ्या हद्दीत टाकला. हॅटच्या आत 'मेड इन चायना' लिहिलेलं मी पाहिलं होतं.

त्यांचा एकच शत्रू : तारापोतो. त्याच प्रांतातलं मोठं शहर. विमानतळ तिथे, हॉटेलं तिथे, मिजासही तिथेच.

"तारापोतो म्हणजे तुमचं पुणं," काका म्हणत. "पण राजधानी कोण? मोयोबांबा! आमच्या नागपूरची गेली बाप्पा. एकाची तरी राहू द्या."

मराठी मंडळात त्यांना 'माझं गाव' या विषयावर बोलायला उभं केलं. लोकांना वाटलं, संत्री येतील, सावजी येईल. आली भातशेती, कॉफी, भूकंप आणि ऑर्किडं. वडे गार झाले. अध्यक्षीणबाईंनी 'आवरा' अशी चिठ्ठी पाठवली, तर काका ती वाचून म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि गरम पाण्याच्या झऱ्यांकडे वळले.

"काका, तुम्ही तिथे कधी गेला होता?" मी एकदा विचारलं.

"काहून जायला पाहिजे? तू काय कंप्युटरच्या आत जाऊन आलास का?"

परवा त्यांनी मला हाक मारली. मोयोबांबाचा रेडिओ ऐकायचं टॅबवरचं अ‍ॅप अडकलं होतं. काकू गेल्यापासून घरात बोलणारं असं ते अ‍ॅपच, तेही स्पॅनिशमधून. मी ते सुरू करतोय तोच फोन वाजला. काकांची मुलगी, ईशा. ती मेडिकल सोडून साउथ अमेरिकेत कुठेतरी फुलांचा अभ्यास करते आणि त्यावरून बापलेकीचं जोरदार वाजलं होतं, इतकंच मला माहीत होतं.

काकांनी हॅट काढली, केस सारखे केले. व्हिडिओ कॉल नव्हता, नुसता स्पीकर लावला होता.

"काय गं, दरड कोसळली होती, तो रस्ता सुरू झाला का?"

"हो. बाबा, हाउ डू यू इव्हन नो?"

"असंच. कॉफी वाळून राहिली का नीट? पाऊस आहे ना तिकडे."

ती हसली, आणि मग बोलतच सुटली. घरमालकिणीबद्दल, गळक्या छपराबद्दल, नुकत्याच उमललेल्या एका ऑर्किडबद्दल. मी अ‍ॅपवरचं बोट तसंच ठेवून बसलो. म्हणजे साउथ अमेरिकेतलं ते 'कुठेतरी' मोयोबांबाच होय!

काकांनी फोनवर हात धरला आणि मला हळूच म्हणाले, "पूर्वी 'जेवलीस का' विचारलं, की आमचं बोलणंच संपायचं रे."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "बाबा, यू नो मोअर दॅन मी. व्हाय डोन्ट यू जस्ट कम? आय विल पिक यू अप."

वडे गार करणाऱ्या त्या माणसानं हॅट उचलून पुन्हा डोक्यावर चढवली. पुन्हा फोनवर हात आला.

"काय बे," ते माझ्याकडे बघत कुजबुजले, "पोरगी बोलावून राहिली ना मला?"