उठवणारा पट्टा

माणूस फार वेळ बसला की त्याची पाठ, रक्त आणि बुद्धी याच क्रमाने थिजते, असा संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांचा निष्कर्ष होता. उपाय म्हणून त्यांनी एक मनगटी पट्टा तयार केला होता. पाऊण तास सलग बसलेल्या माणसाच्या मनगटावर तो थरथरू लागे आणि माणूस उठेपर्यंत थांबत नसे. संस्थेने चाचणी म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांना पट्टे बांधले. ती यशस्वी झाली तर प्राध्यापकांना विभागप्रमुखपद मिळणार होतं, आणि त्या खुर्चीवर ते बरीच वर्षं डोळा ठेवून होते.

योगायोगाने चाचणीच्या पहिल्याच दिवशी संचालकांचं भाषण होतं. ते मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलं. ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ या वाक्याला पाऊण तास भरला, यच्चयावत पट्टे थरथरले आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. संचालक थबकले. त्यांच्या भाषणातून आजवर लोक उठून गेले होते. उठून उभं कुणी राहिलं नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले, आणि त्याच भरात ते आणखी पाऊण तास बोलले.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना बोलावणं आलं. संचालकांनी तोंडभरून कौतुक केलं आणि पाऊण तास हा अवधी आरोग्याच्या दृष्टीने जरा जास्त नाही का, असं काळजीने विचारलं. प्राध्यापकांनी तो दहा मिनिटांवर आणला. मग पट्टे भलत्याच वाक्याला थरथरतात असं लक्षात आलं. पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना सभागृहाने उभं राहून ऐकली आणि संस्थेचं भवितव्य बसून. तेव्हा सर्वांच्या प्रकृतीचा विचार करून पट्ट्यांचं बटण संचालकांच्याच हाती देण्यात आलं.

“पण सर, यात आरोग्य कुठे राहिलं?” प्राध्यापकांनी धीर करून विचारलं.

संचालकांनी आपलं मनगट पुढे केलं; पट्टा रक्तदाबही दाखवत असे. “माझा रक्तदाब बघा. इतका छान कधीच नव्हता.”

आकडा खरा होता. प्राध्यापकांनी तो शोधनिबंधात घातला.

ग्रंथपालबाईंचे गुडघे कामातून गेले होते. त्या उठल्या नाहीत म्हणून त्यांच्याकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी गुडघ्यांचा एक्स-रे जोडला. तो ‘असमाधानकारक’ असा शेरा घेऊन परत आला. पुढच्या भाषणाला त्या खांबाला धरून उठत-बसत राहिल्या आणि नंतर प्राध्यापकांच्या खोलीत येऊन हळूच म्हणाल्या, “सर, माणसाला बसू देईल असं काहीतरी शोधा ना.”

प्राध्यापकांना लाज वाटली. अगदी खरी वाटली. रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी पट्टा काढून फ्रिजवर ठेवला आणि बायकोला सांगितलं, “आज मी उठणार नाही. पद गेलं तर गेलं.”

“बघ हं,” बायको म्हणाली. “एवढं बोलून परत पट्टा घ्यायला येशील.”

ते आले नाहीत. सभागृहात ते मुद्दाम पहिल्या रांगेत, ग्रंथपालबाईंच्या शेजारी बसले. मोकळं मनगट त्यांनी मांडीवर बाईंना दिसेल असं ठेवलं. बाईंनी ते पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी त्या पाठ टेकून बसल्या. संचालकांचं भाषण रंगात आलं. “आपण सारे...” असं म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला.

बटण दाबलं जाण्याआधीच प्राध्यापक उभे होते.

मागून बाकीचे उठले. बाई सर्वांत शेवटी उठल्या, आणि त्यांनी प्राध्यापकांकडे पाहिलं नाही.

संचालक मात्र एकटक पाहत होते. भाषण संपल्यावर ते खाली आले. “तुमचा पट्टा सगळ्यांच्या आधी चालला. नवा आहे?”

“पट्टा घरी आहे, सर,” प्राध्यापक कसेबसे म्हणाले.

संचालकांनी ते मोकळं मनगट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “मग संशोधन पूर्ण झालं,” ते म्हणाले. “सगळ्यांचे पट्टे परत घ्या. अभिनंदन, विभागप्रमुख.”

त्या संध्याकाळी पट्टे जमा झाले. भाषणं चालू आहेत आणि कुणी बसून राहिल्याची अजून तरी तक्रार नाही. तुम्हाला यात हसू आलं असेल तर जरूर हसा. फक्त मागच्या वेळी सगळ्यांबरोबर उठून उभे राहिलात, तेव्हा तुमच्या मनगटावर काय होतं, तेवढं आठवून पाहा.