एकशे वीस कुलपं आणि एक खातं

"अहो, मी तुमची 'प्रिय मित्र' कधीपासून झाले?"

बायकोने फोन काउंटरवर आपटला. धाकट्याने हातातली कानस खाली ठेवली. फोनवर त्याच्याच ई-मेल खात्यावरून पत्र आलं होतं. 'प्रिय मित्र, तुमचं घर खरंच सुरक्षित आहे का? इथे दाबा.' आणि खाली पिवळ्याधमक कुलपाचं चित्र.

"हे मी पाठवलेलं नाही."

"ते कळलं मला. घर सुरक्षित आहे का, हे तुम्ही कधी विचारलंय? तुम्ही फक्त चहा झाला का तेवढं विचारता."

"तू दाबलं नाहीस ना?"

"मी कशाला दाबू? माझ्या बहिणीने दाबलं. म्हणाली, भावजींनी जन्मात पहिल्यांदा काही पाठवलंय, नाही कसं म्हणायचं."

धाकट्याचं तोंड उतरलं. कारण धाकटा हा कुलूपवाला होता. साधासुधा नव्हे, उपदेश करणारा. किल्ली करायला आलेल्या माणसाला तो आधी झापायचा आणि मग किल्ली करून द्यायचा. "कुंडीखाली ठेवता? मग चोरासाठी दारावर चिठ्ठीच लावा ना!" लोक ऐकून घेत, कारण घराबाहेर अडकलेल्या माणसाला दुसरा इलाज नसतो. आणि जगाला अक्कल शिकवणारा माणूस स्वतःची अक्कल कुठे ठेवतो, हे विचारू नये. ती बहुतेक कुंडीखालीच असते.

एरवी त्याने हे हसण्यावारी नेलं असतं. पण आज मुलींच्या वसतिगृहाच्या बाई येणार होत्या. एकशे वीस खोल्या, एकशे वीस कुलपं. त्या दोन दुकानं बघणार होत्या, एक धाकट्याचं आणि एक समोरचं, आणि त्यांतून एक निवडणार होत्या. वेळ दिली होती पाचची. घड्याळात सव्वाचार झाले होते. आणि बाईंचा पत्ता त्या खात्यात होता.

त्याने लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावात कॉम्प्युटरवर काहीतरी करायची. काय ते घरात कुणालाच सांगता येत नव्हतं, पण असल्या वेळी सगळ्यांना तीच आठवायची.

"बाबा, खातं फोडलंय कुणीतरी. दर तासाला पत्रं जातायत, मला आठ आलीत. आता ते बंदच करून टाका. पासवर्ड काय होता?"

"तो सांगत नसतात."

"बाबा, चोराला माहितीये. मला सांगितला तर काय बिघडणारे?"

धाकट्याने आधी कानस उचलून परत ठेवली. मग रस्त्यापलीकडे बघत हळूच म्हणाला, "दुकानाचा फोन नंबर."

"कुठल्या दुकानाचा?"

"जुन्या."

इथे थोडं मागे जायला हवं. अकरा वर्षांपूर्वी खातं उघडलं तेव्हा दुकान एकच होतं, थोरल्या भावाचं आणि ह्याचं मिळून. पुढे एका दवाखान्याच्या दाराची किल्ली कुलपात तुटली. ती कापून तू बनवलीस, नाही तू बनवलीस, एवढ्यावरून दोन सख्खे भाऊ वेगळे झाले. थोरल्याकडे जुनी जागा आणि जुना फोन नंबर गेला, धाकट्याकडे ई-मेलचं खातं आलं. धाकट्याने बरोब्बर समोर गाळा घेतला, म्हणजे रोज तोंड बघता यावं आणि रोज फिरवता यावं. सहा वर्षं अबोला. थोरल्याने पाटीवर नंबर रंगवला, एकेक आकडा फूटभर. मग धाकट्याने त्याहून मोठ्या अक्षरांत ई-मेलचा पत्ता रंगवून घेतला.

थोडक्यात, रस्त्याच्या ह्या बाजूला खातं लिहिलेलं होतं आणि त्या बाजूला त्याचा पासवर्ड. चोराने मधोमध उभं राहून मान दोन्हीकडे वळवली तरी पुरे होतं.

"तरीच तुम्ही कधी पासवर्ड विसरला नाहीत," लेक म्हणाली. "आता तो चोराने बदललेला असणार. 'विसरलो' असं दाबा."

दाबलं. मग त्या पानाने विचारलं, तुम्ही यंत्र नाही कशावरून? सायकल असलेली चित्रं निवडा.

"ह्यात नुसतं अर्धं चाक दिसतंय. ही सायकल धरायची का?"

"धरा," बायको म्हणाली.

"चाक म्हणजे सायकल होत नाही."

"मग नका धरू. बसा यंत्र म्हणून."

तिसऱ्या खेपेला धाकटा माणूस ठरला. पान म्हणालं, शेवटी सत्तेचाळीस असलेल्या तुमच्या नंबरवर कोड पाठवतो. तो दहा मिनिटं चालेल.

धाकट्याने मान वर केली. समोरच्या पाटीवर शेवटचे दोन आकडे झळकत होते. सत्तेचाळीस.

"मी नाही जाणार."

"बाबा, पाचला पुढचं पत्र जाणारे. त्या बाई तुमच्यासमोर उभ्या असताना."

"बायको जाईल."

"बायको अजिबात जाणार नाही," बायको म्हणाली. "भांडण तुमचं, खातं तुमचं, भाऊ तुमचा. मी नुसती प्रिय मित्र."

लेकीचा फोन तसाच चालू ठेवून, तो हातात धरून धाकटा निघाला. रस्ता बारा पावलांचा होता. तो ओलांडायला धाकट्याला सहा वर्षं आणि एक चोर लागला.

थोरला पाठमोरा, गुडघ्यांवर बसून टेबलाच्या खणाशी काहीतरी करत होता. चाहूल लागताच त्याने हातातली तार खिशात कोंबली.

"दादा."

"गिऱ्हाईक असाल तर थांबावं लागेल."

"तुझ्या फोनवर एक आकडा येईल. तेवढा सांग, जातो मी."

"कसला आकडा?"

धाकट्याच्या मनात दोन-तीन थापा येऊन गेल्या. पण दहा मिनिटांत थाप बसवायची आणि कोडही मिळवायचा, हे काही जमणारं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, पासवर्डसकट.

थोरला हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग टेबलाला धरून. "कुलूपवाल्याचंच कुलूप फोडलं! तेही माझी पाटी वाचून!"

तेवढ्यात खणातून आवाज आला. टिंग.

थोरल्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

"आला बघ. काढ फोन."

"काढतो. तू जा तुझ्या दुकानात. मी ओरडून सांगतो."

"भर रस्त्यात कोड ओरडणार? अरे काढ की!"

थोरला हलेना. धाकट्याने वाकून खणाकडे पाहिलं. कुलपाच्या भोकात चकचकीत पितळेचं टोक दिसत होतं. अर्धी किल्ली आत, अर्धी टेबलावर.

"कधी तुटली?"

"दुपारी. हे बघ, त्या बाई पाचला येतायत. त्यांना कळलं ना, की मला माझाच खण—"

"सरक."

धाकट्याने भिंतीवरून करवतीचं बारीक पातं घेतलं. ते कुठे टांगलेलं असतं, हे त्याला विचारावं लागलं नाही. पातं किल्लीच्या कडेने आत सारलं, दात अडकवले आणि श्वास रोखून ओढलं. तुकडा तळहातावर पडला. त्याने तो उजेडात धरला.

"खाच फार खोल घेतलीयेस. कापली कुणी ही?"

थोरल्याने खिशातली तार काढून टेबलावर ठेवली.

"दवाखान्याची अशीच तुटली होती. ह्याच जागी."

"हो."

"म्हणजे ती तूच कापली होतीस."

"हो म्हटलं ना! दुसऱ्याच दिवशी सांगणार होतो. तर तू गाळा घेऊन पाटी रंगवायला बसलास. मग काय सांगू? पाटीला सांगू?"

सहा वर्षं धाकट्याने ह्या क्षणासाठी वाक्यं तयार ठेवली होती. घासून, धार लावून. आता त्यातलं एकही आठवेना. वरच्या घड्याळाप्रमाणे कोडाची पाचच मिनिटं उरली होती. त्याने तार घातली, दोनदा फिरवली आणि खण उघडला.

"वाच."

थोरल्याने चष्मा कपाळावर ढकलून आकडे वाचले. धाकट्याने भरले. पान उघडलं. लेक फोनवरून सांगत गेली, तो दाबत गेला. आधी नवा पासवर्ड मागितला.

"माझाच नंबर टाक," थोरला म्हणाला.

"दादा, तू गप बस."

मग 'खातं कायमचं बंद करा' दाबलं. पान म्हणालं, 'तुमच्या जाण्याने आम्हाला फार वाईट वाटतं. तुम्ही नक्की जाताय का?'

थोरल्याने ते दोनदा वाचलं. "बघ, ह्यांनी विचारलं तरी. आपल्याला असं विचारायला काय झालं होतं?"

"दाबू का?"

"दाब की. मला काय विचारतोस, बारक्या?"

सहा वर्षांत ह्या नावाने त्याला कुणी हाक मारली नव्हती. त्याने दाबलं. पाचला दोन मिनिटं कमी होती.

"मी आत येऊ का?"

दारात वसतिगृहाच्या बाई उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. टेबलावर तुटकी किल्ली, खणातून लोंबणारी तार आणि गुडघ्यांवर बसलेले दोन कुलूपवाले. एकशे वीस कुलपं डोळ्यांदेखत निघून चालली होती.

"बाई, किल्ली माझी तुटली," थोरला उठत म्हणाला. "काढली ह्याने. काम त्यालाच द्या."

"नाही, पत्रं माझ्या खात्यावरून गेली," धाकटा म्हणाला. "तुम्हालाही आली असतील. दादालाच द्या."

"आली ना. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आठ आली." बाई स्टुलावर मटकन बसल्या. "आठव्या वेळी मी दाबलं. म्हटलं, कुलूपवाल्याने पाठवलंय, वर कुलपाचं चित्र आहे, म्हणजे भरवशाचंच असणार. त्याने पासवर्ड विचारला, मी दिला. आता माझ्या खात्यावरून मुलींच्या सगळ्या पालकांना 'प्रिय मित्र' चाललंय. आताच मागून ऐकलं, तुम्ही बंद केलंत म्हणून. आधी माझं बंद करून द्या. कुलपांचं मग बोलू. दोघं मिळून घेतलंत तरी मला चालेल."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा आता ह्या विषयातला जाणकार होता.

"सोपं आहे, बाई. तुमच्या फोनवर कोड येईल. फोन द्या."

"फोन कपाटात आहे, ऑफिसात."

"मग आणू. कपाटाची किल्ली?"

बाईंनी पदराआडून मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर अर्धीच किल्ली होती.

"हीसुद्धा दाखवायची होतीच. तीन वर्षांपूर्वी करून घेतली होती." त्यांनी बोट थोरल्याकडे वळवलं. "तुमच्याकडूनच."

थोरल्याने पातं उचललं, धाकट्याने तार. पुढची पत्रं जायच्या आत पोचायचं म्हणून दोघे बाईंच्या पुढे धावत सुटले, आणि वाटेत खोल खाचेवरून त्यांचं नव्याने भांडण जुंपलं.

धाकट्याची बायको समोरून पाहत होती. गावातले दोन्ही कुलूपवाले कोपऱ्यावरून दिसेनासे झाले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की थोरल्याचं दुकान सताड उघडं टाकलंय. ते बंद करायला म्हणून ती धावली. शटर ओढून परतल्यावर तिला आठवलं की आपलंही तसंच उघडं होतं.

कुलूप कशालाच लावता आलं नाही. दोन्ही दुकानांच्या किल्ल्या त्या दोघा भावांच्या खिशात होत्या.