केबलचं दुसरं टोक

माझ्या नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी कर्णिक काका हातात केबल धरून चाळीस मिनिटं स्वस्थ बसून राहिले, आणि त्याला कारण मी होते.

केबलचं एक टोक त्यांनी बोर्डात लावलं होतं. दुसरं टोक हातात. समोर मी लिहिलेला कागद आणि त्यावर माझं वाक्य: 'केबल बोर्डाला लावा आणि प्रोग्रॅम सुरू करा.' मला वाटलं, काकांचा डोळा लागला. चहा आला तेव्हा मी विचारलं, "काका, थांबलात का?"

"दुसरं टोक कुठे लावायचं ते लिहिलेलं नाही."

"कम्प्युटरला. अजून कुठे लावणार?"

"हे तू सांगितलंस. कागदाने नाही सांगितलं." एवढं बोलून, केबल बाजूला ठेवून ते शांतपणे चहा प्यायले.

मी तेव्हा नवी इंजिनीअर होते आणि डिग्रीचा माज उतरायचा होता. त्या दिवशी मी स्वच्छतागृहात जाऊन थोडी रडले, हे आता सांगायला हरकत नाही.

आमची कंपनी अंबरनाथ पूर्वेला एका गाळ्यात आहे. आठ माणसं आणि एक सतत गळणारा एसी. आम्ही तळहाताएवढी सर्किट बोर्डं बनवतो. पंप, दिवा, टाकीतल्या पाण्याची पातळी असलं काहीही त्यांच्यामार्फत नेटवर्कला जोडता येतं. प्रत्येक बोर्डाबरोबर चार-पाच नमुन्याचे प्रोग्रॅम देतो, म्हणजे विकत घेणाऱ्याला बोर्ड चालतं कसं ते कळावं. आम्ही त्यांना सॅम्पल म्हणतो. सॅम्पल मी लिहिते. ते सुरू कसं करायचं याचा कागदही मीच लिहिते. आणि तो कागद धड आहे की नाही, हे कर्णिक काका ठरवतात.

काका पूर्वी एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. ती बंद पडल्यावर आमचे मालक तावडे साहेब त्यांना घेऊन आले, ते खास या कामासाठी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात शिसपेन्सिल. नवा कागद हातात आला की चष्मा पुसायचा आणि जाहीर करायचं, "आता मी कोरा आहे." म्हणजे यापुढे त्यांना काही येत नाही, काही माहीत नाही. त्यांच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, तोही कोरा. प्रत्येक तपासणीआधी ते त्याच्यावरचं सगळं पुसून टाकतात. त्यांचे नियम दोनच. तपासणी चालू असताना शेजारून कोणी बोलायचं नाही, आणि तपासणाऱ्याने खोटं बोलायचं नाही.

पहिला नियम पाळणं फार कठीण. आपण लिहिलेल्या वाक्यावर माणूस अडला की जीभ आपोआप वळवळते. काका सांगायचे, "तोंडावर हात ठेव. बॉक्सबरोबर तू जाणार आहेस का?"

ऑफिसबाहेरही त्यांचं हेच. डॉक्टरांनी 'जेवणानंतर एक गोळी' लिहून दिलं, तर चतुर्थीला गोळी घेतली नाही, कारण जेवण झालं नव्हतं. एका लग्नपत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं छापलेलं होतं, म्हणून काका हात हलवत गेले आणि यजमानांना तसं सांगितलंही. काकूंनी पिशवीतून आणलेली साडी मागच्या मागे वधूच्या आईला दिली.

हे मला काकूंनीच सांगितलं, ऑफिसच्या पूजेला आल्या होत्या तेव्हा. मी म्हटलं, "काकू, घरी कसं निभावता हो?"

"अगं, घरी मी यांना काही सांगतच नाही," काकू हसून म्हणाल्या. "पस्तीस वर्षं झाली. न सांगता कळत असेलच की."

मला तिसऱ्या दिवशी रडवल्याचं काकांनी माझ्या लाल डोळ्यांवरून ओळखून घरी सांगितलं असावं, कारण पुढच्या गुरुवारी काकांच्या डब्याबरोबर एक छोटा डबा माझ्यासाठी आला. त्यात वालाचं बिरडं होतं. मग दर गुरुवारी तो डबा यायला लागला, चार वर्षं. मी अंबरनाथची, आमच्या घरी वाल आणले की आई ते सोलण्याच्या नावानेच वैतागते. काकूंच्या बिरड्यासाठी मी गुरुवारचे उपास सोडून दिले.

गेल्या वर्षी काकू गेल्या. तपासणीसाठी म्हणून दवाखान्यात गेल्या, आठ दिवस राहिल्या आणि परत आल्या नाहीत.

काका सुट्टीवर होते त्या दिवसांत एका पॉलिटेक्निककडे तीस बोर्डं जायची होती. तावडे साहेबांनी विचारलं, "नवा कागद तपासला?" मी म्हटलं, "मी तपासलाय ना." माझ्या टेबलावर, माझ्या कम्प्युटरवर सगळं सुरळीत चाललं होतं. बॉक्स गेले.

तीसच्या तीस परत आले. वर चिठ्ठी: बोर्डं बंद आहेत.

एकही बोर्ड बंद नव्हतं. बोर्ड आणि कम्प्युटर यांनी एकमेकांशी बोलायचं तर दोघांचे पत्ते एकाच आळीतले लागतात. तो पत्ता कम्प्युटरला आधी आपण द्यावा लागतो. माझ्या कम्प्युटरला मी तो दोन वर्षांपूर्वी कधीतरी दिला होता आणि विसरून गेले होते. कागदावर मी लिहिलं होतं, 'कम्प्युटरचं नेटवर्क नेहमीप्रमाणे सेट करा.' ते नेहमीचं नेटवर्क सगळ्या जगात फक्त माझ्या टेबलावर होतं.

पॉलिटेक्निकचे सर भले होते. अजून एकदा बघतो म्हणाले. तावडे साहेब मात्र वैतागले होते. "केतकी, ह्या वेळी बोर्डं परत आली ना, तर सॅम्पलचं खातंच बंद. नुसती बोर्डं विकू." सॅम्पलचं खातं बंद म्हणजे माझं काही बिघडणार नव्हतं, मला दुसरं काम मिळालं असतं. काकांकडे दुसरं काम नव्हतं. सकाळी उठून बदलापूरहून अंबरनाथला यायला त्यांच्याकडे तो कागद सोडून काही कारण उरलं नव्हतं. चूक माझी आणि खुर्ची त्यांची, हे मला फार लागलं.

काका कामावर परत आले त्या दिवशी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. काकांनी 'नेहमीप्रमाणे' या शब्दावर पेन्सिलचं टोक ठेवलं. मग तो शब्द त्यांनी खोडला, इतक्या जोराने की कागद फाटला.

"हा शब्द परत लिहू नकोस," म्हणाले. "ज्याला माहीत आहे त्याला त्याची गरज नाही. ज्याला माहीत नाही, त्याचं काय होतं ते तुला नाही कळणार."

त्यानंतर तीन आठवडे आम्ही तो कागद घासला. केबलची दोन्ही टोकं आली. पत्ता कसा द्यायचा ते एकेका खिडकीच्या चित्रासकट आलं. एक पान होतं त्याची सहा झाली. आणि मग काकांनी नवाच प्रश्न काढला. "मी आता कोरा राहिलो नाही. मला पाठ झालाय. कोरा माणूस हवा."

कोरा माणूस त्यांनीच शोधला. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये सिंधी परसराम शेठचं लेस आणि बटणांचं दुकान आहे. काकूंच्या ब्लाऊजची बटणं आयुष्यभर तिथूनच आली. एका शनिवारी सकाळी आम्ही बोर्ड, केबल, कोरा लॅपटॉप आणि सहा पानं घेऊन तिथे गेलो. जरीच्या गुंडाळ्या बाजूला सारून काकांनी गल्ल्याशेजारी जागा केली.

"साईं, मैं बटन बेचता हूँ. यह मेरे से क्या होगा?" शेठ म्हणाले.

"म्हणूनच आलोय," काका म्हणाले. "मराठी वाचता ना?"

"चालीस साल से पाटी वाचतोय."

शेठनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मी तोंडावर हात ठेवून उभी होते. गिऱ्हाइकं येत होती, शेठ त्यांना हातानेच थांबवत होते. केबल लागली, दोन्हीकडे. पत्ता दिला गेला. मग ते 'हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा' या ओळीवर आले आणि पुढे सरकले. बोर्ड अजून तयार झालं नव्हतं. पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली.

"दिवा लागला होता का?" काकांनी विचारलं.

"लगी थी ना. यह देखो." शेठनी केबलच्या तोंडाजवळचा बारका हिरवा दिवा दाखवला. तो केबल खोचल्याबरोबर लागतो. आम्ही म्हणत होतो तो दिवा बोर्डाच्या मधोमध होता. बोर्डावर दोन हिरवे दिवे आहेत, हे चार वर्षांत आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

काका इतके खूश झाले की त्यांनी शेठसाठी चहा मागवला, शेठच्याच दुकानात. तिथेच वाक्य बदललं. दुसऱ्या वेळी सॅम्पल चाललं. हे सॅम्पल अगदी साधं असतं: आपण कम्प्युटरवर एक शब्द लिहायचा, बोर्ड तोच शब्द परत पाठवतं. शेठनी एका बोटाने 'परसराम' लिहिलं. खाली 'परसराम' आलं.

"वाह. घर में तो मेरी बात का कोई जवाब भी नहीं देता," शेठ म्हणाले. थांबलेली गिऱ्हाइकं हसली. काका मात्र पडद्याकडे बघत होते. "जवाब येतो, तेवढं पुरे आहे," असं काहीतरी ते पुटपुटले.

बोर्डं पुन्हा गेली. आठवड्याने सरांचा फोन आला: मुलांनी स्वतः बॉक्स उघडले, तासाभरात तीसही चालू झाली, कोणी काही विचारायला आलं नाही. तावडे साहेबांनी पेढे आणले आणि खातं बंद करण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मी काकांना पेढा दिला, तर म्हणाले, "बरं. रविवारी घरी जेवायला ये. एक टेस्ट आहे."

मला वाटलं, नवं बोर्ड असेल. लॅपटॉप घेऊनच मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी गेले. दुपारचे साडेबारा झाले होते. दोन खोल्यांचं घर, लख्ख आवरलेलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक दुरेघी वही उघडी होती. वर काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी येईपर्यंत हे बघून करा.'

दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी चार पानं लिहिली होती. भात, आमटी, दूध कधी तापवायचं. शेवटच्या पानावर बिरडं. प्रत्येक ओळीच्या बाजूला काकांची पेन्सिल होती. 'वाल भिजत घाला' याच्या शेजारी 'किती तास? बारा.' 'बारीक गॅस' याच्या शेजारी 'डावा बर्नर.' खाली सगळ्यात शेवटी काकूंनी लिहिलं होतं, 'मीठ, गूळ, आमसूल नेहमीप्रमाणे.'

त्या ओळीला पेन्सिल लागलेली नव्हती. त्याऐवजी समोरच्या पानावर काकांनी रकाने आखले होते. रविवारांच्या तारखा, गूळ किती, आमसुलं किती, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द, 'नाही'. पान भरून यादी मागच्या पानावर गेली होती.

"माझ्या जिभेचं काही खरं नाही आता," काका म्हणाले. "इतक्यांदा करून माझीच चव पुसून गेली. तू तिचं खाल्लं आहेस. चार वर्षं. तुझ्याशिवाय मी कोणाला विचारू?"

त्यांनी मला वाढलं आणि समोर बसले. मग आपला उजवा हात उचलून तोंडावर ठेवला.

मी घास घेतला. चांगलं झालं होतं. वाल मऊ शिजले होते, अख्खे राहिले होते. हुबेहूब काकूंचं आहे असं म्हणणं किती सोपं होतं, आणि ते मला फार म्हणावंसं वाटलं. तोंडावर हात धरून बसलेल्या त्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पण नियम त्यांचा होता, आणि तो मोडून मी एकदा तीस बॉक्स परत आणवले होते.

"नाही, काका," मी म्हटलं. "जवळ आहे, पण ते नाही. काकूंचं आधी आंबट लागायचं. गोड नंतर, गिळताना. ह्यात गोड आधी येतंय."

काकांनी हात खाली घेतला. "आधी आंबट," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. "पस्तीस वर्षं जेवलो गं. कधी लक्षच दिलं नाही."

डोळे पुसून त्यांनी ते वहीत लिहिलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, माझा शब्द तुम्ही कागद फाटेपर्यंत खोडलात. हा का ठेवलात?"

"तू लिहिताना विसरली होतीस," काका म्हणाले. "ती विसरली नव्हती. तिला वाटलं होतं, मला माहीत असणार."

मी आणखी बिरडं वाढून घेतलं, टेस्टसाठी नव्हे, भूक लागली होती म्हणून. निघताना काका जिन्यापर्यंत आले.

"पुढच्या रविवारी आमसुलं आधी घालतो," म्हणाले. "येशील ना? घरून काही खाऊन येऊ नकोस. कोरी ये."